यादीत नसलेल्यांचे आरोग्य

नोव्हेंबर महिन्यात पाथर्डी तालुक्यातली सहा महिन्यांची गरोदर बाई कोणत्या परिचारिकेच्या यादीत असते? कागदावर ती माणिकदौंडी किंवा खरवंडी कासारकडच्या आपल्या गावातच असते. आशाताईंच्या वहीत तिचे नाव असते, अंगणवाडीत नोंद असते, लोहाच्या गोळ्यांचा हिशेबही तिच्या नावावर लावलेला असतो. प्रत्यक्षात ती कोल्हापूर, सांगली किंवा कर्नाटकाच्या हद्दीतल्या एखाद्या कारखान्याच्या फडात ऊस तोडत असते. तिथल्या आशाताईंच्या वहीत तिचे नाव नाही, कारण ती त्या गावची नाही. दोन्ही आशाताईंनी आपापले काम चोख केले तरी ही बाई सुटतेच.

आरोग्यातल्या विषमतेवर जगभर लिहिले-बोलले जाते. अमेरिकेत ती चर्चा वंशाच्या अंगाने होते. १९८५ साली तिथल्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांच्या खात्याने एक अहवाल काढला. काळे आणि इतर अल्पसंख्य समाज यांच्यात दरवर्षी सुमारे ६०,००० मृत्यू असे होतात, जे गोऱ्यांइतकाच मृत्यूदर असता तर झाले नसते, असे सरकारने त्यात स्वतः मान्य केले. दुसऱ्याच वर्षी त्यासाठी स्वतंत्र कार्यालय उघडले गेले. आपल्याकडे हाच प्रश्न जात, जमात आणि भटकंती यांच्या अंगाने येतो. पाथर्डीत तो विशेष ठळक दिसतो, कारण या एका तालुक्यात दोन प्रकारची फिरती माणसे एकत्र येतात. एक, दसऱ्यानंतर कोयता घेऊन बाहेर पडणारे ऊसतोड मजूर. दुसरे, मढीला कानिफनाथांच्या दर्शनासाठी वर्षातून एकदा गोळा होणारे भटके-विमुक्त.

आधी कोयत्याचे पाहू. तालुका गर्भगिरीच्या डोंगररांगांचा, कायमच्या दुष्काळाचा, बीड जिल्ह्याला खेटून असलेला. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या अडीच लाखांहून थोडी अधिक. पाथर्डीचा अहिल्यानगर जिल्हा मात्र साखरेचा. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना याच जिल्ह्याच्या उत्तरेला प्रवरानगरात उभा राहिला. पाथर्डीतही आदिनाथनगरला वृद्धेश्वर कारखाना आहे. तरी इथल्या वंजारी, दलित, बंजारा आणि इतर अल्पभूधारक घरांतली माणसे पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या फडात जातात. पाटाचे पाणी जिथवर पोचले तिथे ऊस झाला आणि जिथे पोचले नाही तिथून मजूर गेले, इतका हा भूगोल सरळ आहे.

फडाच्या भाषेत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, एकेकट्याला नाही. दोघांपैकी एक आजारी पडला तर कोयताच बसतो आणि त्या दिवसाचा खाडा लागतो. म्हणजे मजुरी तर बुडतेच, वर उचलीतून दंड कापला जातो. पहाटे तीन-चारला उठायचे, स्वयंपाक उरकायचा, अंधारातच फडात शिरायचे. पुरुष तोडतो, बाई वाढे सवाळते, मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवरून चढते. मोळीचे वजन तीस-चाळीस किलो असते. मुक्काम उसाच्या पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या कोपीत, जिथे न्हाणी नाही आणि संडास नाही. पाणी मिळेल तिथून आणायचे. पाळीच्या दिवसांत कपडा बदलायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही. अशा ठिकाणी एखादीच्या अंगावरून पांढरे जाऊ लागले, ओटीपोटात दुखू लागले तर तो आजार अंगावर काढायचा, एवढाच उपाय उरतो. गावी परतल्यावर डॉक्टर गाठायचा. तोवर मे उजाडतो.

इथेच ‘पिशवी काढण्या’ची गोष्ट सुरू होते. २०१९ साली ती महाराष्ट्रभर गाजली. बीड जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशये काढली गेल्याचे सरकारने त्या वर्षी विधिमंडळात सांगितले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि बीडमध्ये ऊसतोड घरांतल्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे दर सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत राज्यातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या बायकांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्याही आत होते. वयोगट आणि नमुना वेगवेगळे असल्याने दोन आकडे शेजारी ठेवताना थोडे सबुरीने घ्यावे लागते. पण सबुरी कितीही दाखवली तरी एवढा फरक त्याने पुसला जात नाही.

त्या वेळच्या बातम्यांचा रोख डॉक्टरांच्या लोभावर होता. लोभ होताच. ‘कॅन्सर होईल’ ही भीती घालून पंचविशी-तिशीतल्या बाईला टेबलावर घेतल्याच्या तक्रारी अनेक होत्या. पण सगळा दोष डॉक्टरांवर टाकून मोकळे होणे मला पटत नाही. त्या बाईचा हिशेबही पाहिला पाहिजे. लग्न लवकर झालेले, कारण कोयत्याला जोडी लागते आणि वयात आलेल्या मुलीला मागे ठेवायला घरात कोणी नसते. पाचव्या फेरीच्या पाहणीत बीडमधल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. बावीस-तेविसाव्या वर्षापर्यंत दोन-तीन बाळंतपणे होऊन कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रियाही झालेली असते. मग दर महिन्याचे दुखणे, दर महिन्याचा खाडा. साध्या जंतुसंसर्गाला पंधरा दिवसांच्या गोळ्या आणि पुन्हा एक तपासणी पुरते. पण पुन्हा तपासायला ती त्या गावात असणारच नाही, हे तिला ठाऊक असते आणि डॉक्टरलाही. एकदाच काढून टाकली की प्रश्न मिटला, असे दोघेही मानतात. प्रश्न मिटत नाही. अंडाशयेही काढली असतील तर पस्तिशीतच हाडे दुखू लागतात, अंगाची लाही होते, झोप उडते, आणि मोळी मात्र तेवढीच जड राहते.

बीडमध्ये नंतर नियम झाला. खासगी रुग्णालयाने पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची. हंगामाआधी आणि हंगामानंतर तपासणी व्हावी, आरोग्यपत्रिका द्यावी अशाही शिफारशी आल्या. नियम चांगला आहे. पण आजार जिल्ह्याची हद्द पाळत नाही. तोच मुकादम, तोच कारखाना, तेच काम असलेली पाथर्डीची बाई त्या ८२,३०९ मध्ये नाही. ती मोजणी बीडची होती. शिरूर कासार आणि पाथर्डी यांच्यामध्ये कागदावरची एक रेष आहे. रेषेच्या पलीकडच्या बाईवर समिती बसली आणि अलीकडच्या बाईची गोष्ट ऐकीव माहितीवर सोडून दिली गेली.

आता मढी. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत इथे यात्रा चालते. गोपाळ समाजाची मानाची होळी पेटते, कैकाडी समाजाची मानाची काठी येते, रंगपंचमीच्या सुमारास गाढवांचा बाजार भरतो. वैदू, गोपाळ, कैकाडी, तिरमली, नंदीवाले, जोशी असे कितीतरी समाज वेगवेगळ्या जिल्ह्यांतून येतात. मढीला भटक्यांची पंढरी म्हणतात ते उगीच नाही. पूर्वी इथेच अनेक जमातींच्या जातपंचायती बसत. सोयरिकी जुळत, काडीमोड होई, दंड ठरत, माणसे वाळीत टाकली जात. वाळीत पडलेल्या बाईला बाळंतपणात हात द्यायला पालावरची म्हातारीही येत नसे. त्यामुळे जातपंचायत हा आरोग्याचाही विषय आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने या पंचायतींविरुद्ध अनेक वर्षे काम केले. २०१६ साली राज्याने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि पुढच्या वर्षी तो लागू झाला. पंचायतींचा धाक कमी झाला आहे, गेला आहे असे म्हणवत नाही.

या समाजांच्या आरोग्याविषयी आकडे मागायला गेलात तर हाती फारसे लागत नाही. कारण साधे आहे. कुटुंब आरोग्य पाहणी अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग आणि उरलेले असे चारच रकाने ठेवते. चौथ्या फेरीत देशभरात पाच वर्षांखालच्या बालकांचा मृत्यूदर दर हजार जन्मांमागे अनुसूचित जमातींत ५७.२, अनुसूचित जातींत ५५.९, इतर मागासवर्गात ५०.८ आणि उरलेल्यांत ३८.५ होता. आता गोपाळांचे किंवा वैदूंचे मूल यात कुठे शोधायचे? महाराष्ट्रात विमुक्त जाती, भटक्या जमाती असे वेगळे प्रवर्ग आहेत. दिल्लीच्या यादीत यातले बहुतेक समाज इतर मागासवर्गात जातात. तिथे बागायतदार कुणब्याचे मूल आणि पालावरचे मूल एकाच सरासरीत मिसळते. सरासरी बरी दिसते आणि पालावरचे मूल नाहीसे होते.

अनुसूचित जमातींच्या यादीत नोंद मिळालेल्यांसाठी निदान सोयींचा निकष तरी असतो, हेही इथे दिसते. याच जिल्ह्यात अकोले तालुका आहे. तिथल्या महादेव कोळी आणि ठाकर समाजांसाठी आदिवासी उपयोजना आहे. आदिवासी आणि डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र हा निकष, तर मैदानी भागात ५,००० ला एक. प्राथमिक आरोग्य केंद्राचे तसेच, २०,००० आणि ३०,०००. अकोल्यातली व्यवस्था आदर्श आहे असे नाही, पण निकष तरी आहे. भटक्यांसाठी असा कोणताही निकष नाही, कारण सगळे निकष जागेला बांधलेले आहेत आणि यांची जागा ठरलेली नाही.

यादीबाहेर राहण्याची मुळे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात आहेत. इंग्रजांनी फिरणाऱ्या समाजांना जन्मजात गुन्हेगार ठरवले, हजेऱ्या लावल्या, तारेच्या कुंपणात डांबले. ३१ ऑगस्ट १९५२ ला ते विमुक्त झाले. पण पोलिसी हजेरीचा वारसा असलेल्या माणसाला सरकारी वहीत नाव घालणे म्हणजे संकटाला आमंत्रण वाटते. पारधी वस्तीवर परिचारिका वही घेऊन गेली तर पहिला प्रश्न ‘कशाला लिहिता?’ हाच येतो. त्यात गैर काय? त्यानंतर आली कागदपत्रांची अट. महाराष्ट्रात विमुक्त-भटक्यांना जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा रहिवासाचा पुरावा लागतो. ज्याच्या आजोबाने आयुष्यभर गाढवावर बिऱ्हाड लादून गावे पालथी घातली, त्याने १९६१ सालच्या कोणत्या तलाठ्याकडे जायचे? केंद्राने २०२२ साली या समाजांसाठी ‘सीड’ नावाची योजना आणली. पाच वर्षांसाठी २०० कोटी, त्यात आरोग्य विम्याचाही भाग होता. पण दाखल्याचे कोडे सुटल्याशिवाय विम्याचे दार उघडत नाही. बाळकृष्ण रेणके आयोगाने २००८ साली आणि नंतर भिकू रामजी इदाते आयोगाने देशभर फिरून अहवाल दिले. कोणत्याच यादीत नसलेले समाज अजूनही आहेत, हे इदाते आयोगाच्या कामातून पुन्हा पुढे आले.

जाता जाता वैदूंचे. एकेकाळी गावोगाव झाडपाल्याचे औषध देणारा, तुंबडी लावणारा हा समाज. गावातल्या गरिबाला परवडणारा वैद्य तोच होता. आज त्याच्याच नातवाला ताप आला तर तालुक्याच्या दवाखान्यात आधार कार्डावरचा पत्ता विचारला जातो.

मोजणीबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती अगदी तोंडावर आली आहे. २०११ ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारीला झाली. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि त्यात जातही विचारली जाणार आहे. फेब्रुवारी म्हणजे गळिताचा भर. त्या दिवसांत पाथर्डीतल्या वाड्यावस्त्यांवर कुलपे असतात, घरी म्हातारी-कोतारी आणि शाळकरी पोरे. मोजणीच्या सगळ्या काळात जो माणूस घरी नसतो तो घरी मोजला जात नाही, जिथे सापडेल तिथे मोजला जातो. फडातल्या कोपीपर्यंत प्रगणक पोचला तर तो तिकडच्या तालुक्याच्या खात्यात जातो आणि नाही पोचला तर कोणाच्याच नाही. उपकेंद्र, आशा, अंगणवाडी, डॉक्टरांची पदे, सगळे पुढे या आकड्यावर ठरते. ज्या तालुक्यातून सर्वांत जास्त माणसे बाहेर जातात त्यालाच सर्वांत कमी सोयी मिळाव्यात, अशी तारीख आपण निवडली आहे. देशाच्या सोयीने ती ठरली हे समजू शकते. पण हंगामी स्थलांतराच्या तालुक्यांसाठी दसऱ्याआधीची वेगळी पुरवणी मोजणी करायला जिल्हा परिषदेला कोणी अडवलेले नाही.

मग मार्ग काय? तो शोधायला फार लांब जायला नको. जामखेड याच जिल्ह्यात आहे, तसाच दुष्काळी, तसाच बीडला लागून. वेल्लोरला शिकलेले रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य १९७० साली तिथे गेले. त्यांनी गावागावांतून बायका निवडल्या, बहुतेक निरक्षर, पुष्कळ दलित. त्यांना बाळंतपण, जुलाब, लसीकरण, आहार शिकवला. आठवड्यातून एकदा या बायका जामखेडला येत, एकत्र जेवत, मुक्काम करत. सुरुवातीला कोणी कोणाच्या ताटाशेजारी बसायला तयार नसे. १९७२ च्या दुष्काळात हातपंप बसवताना आरोळ्यांनी ते दलित वस्तीत बसवण्याचा आग्रह धरला, म्हणजे पाण्यासाठी सवर्णांना तिथे यावे लागेल. शिवाशिवीवर भाषण देण्यापेक्षा ही युक्ती जास्त कामाला आली. प्रकल्पाच्या गावांत १९७१ च्या सुमारास दर हजारी १७६ असलेला अर्भकमृत्यूदर पाच-सहा वर्षांत निम्म्याहून खाली आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली जगभरच्या निवडक प्रयोगांचे पुस्तक काढले त्यात जामखेड होते. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आजच्या आशा योजनेच्या पूर्वजांत जामखेडचे नाव घ्यावेच लागते.

पण नक्कल करताना आपण एक गोष्ट गाळली. जामखेडची बाई गावाने निवडलेली, गावातल्या सर्वांत खालच्या माणसाला उत्तर देणारी होती. आशाताई आज ॲपला उत्तर देते. तिचे मानधन तिच्या हद्दीतल्या कामावर ठरते. हद्द सोडून गेलेली बाई म्हणजे तिच्या दृष्टीने अपुरे राहिलेले काम.

फिरत्या माणसाबरोबर आरोग्यसेवा फिरू शकते का? शकते. अमेरिकेने १९६२ साली स्थलांतरित शेतमजुरांच्या दवाखान्यांसाठी वेगळा कायदा केला. पिकामागे धावणाऱ्या मजुरांना वाटेवरच्या केंद्रांत उपचार मिळावेत हा हेतू होता. आयर्लंडचे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. तिथे ट्रॅव्हलर्स नावाचा भटका समाज आहे, आपल्या भटक्यांइतकाच गावकुसाबाहेरचा. १९९४ मध्ये डब्लिनच्या पावी पॉइंट संस्थेने त्या समाजातल्या बायकांनाच आरोग्यसेविका म्हणून शिकवले. पुढे देशव्यापी पाहणी झाली तीही ट्रॅव्हलर बायकांनी स्वतः घरोघर, गाडीगाडीत जाऊन केली. २०१० साली निष्कर्ष आला. ट्रॅव्हलर पुरुषाचे आयुर्मान इतरांपेक्षा १५.१ वर्षांनी कमी, बाईचे ११.५ वर्षांनी. तो आकडा आल्यावर सरकारला कानावर हात ठेवता आले नाहीत. आपल्याकडे गोपाळ बाई किती वर्षे जगते, हे कोणी विचारलेलेच नाही.

पाथर्डीत यातले काय करता येईल? फडावरच्या टोळीत दहा-वीस कोयते असतात. त्यातल्याच एका बाईला हंगामाआधी शिकवून, औषधांची पेटी देऊन, मोबाइलवर जवळच्या केंद्राशी जोडून पाठवता येईल. तिला मानधन द्यावे आणि तिचा खाडा माफ व्हावा, ही अट मुकादमाच्या करारातच लिहावी. नवरात्रात मोहटादेवीला अख्खा तालुका लोटतो, दसऱ्याच्या आगेमागे भगवानगडाच्या पायथ्याशी मजुरांची वर्दळ असते. रक्ताची तपासणी, गरोदर बायकांची नोंद, पुढच्या तालुक्याला कळवायची यादी हे सगळे तेव्हाच व्हायला हवे. आणि मढीच्या यात्रेत दरवर्षी पोलीस चौकी लागते, पाण्याचे टँकर लागतात, तसे तिथे लसीकरण आणि कागदपत्रांचे शिबिर सलग चालावे. दाखला, शिधापत्रिका आणि आरोग्यपत्रिका एकाच मांडवात मिळावी. महात्मा फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी पाच लाखांपर्यंत आहे असे आपण म्हणतो. त्यातले ‘सर्व’ हे कागद असलेल्यांपुरतेच आहे.

पैसा नाही ही सबब इथे चालणार नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढीच रक्कम सरकारने घालायची, असे ठरलेले आहे. महाराष्ट्रात बऱ्या हंगामात १,००० लाख टनांहून अधिक ऊस गाळला जातो. म्हणजे कारखान्यांचेच वर्षाला १०० कोटी होतात. त्यातला किती पैसा वसतिगृहांवर, किती विम्यावर आणि किती बायकांच्या तपासणीवर गेला, हे तालुकावार छापून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे, एवढी मागणी पाथर्डीच्या प्रत्येक ग्रामसभेने ठरावात घ्यायला हवी. ठराव दसऱ्याआधीच्या ग्रामसभेत घ्यावा, कारण त्यानंतर हात वर करायला गावात माणसे उरत नाहीत.